तीन देशांतली गिरिजा

आज सकाळी रेणुका डोक्यावर आंबिलीचं मडकं घेऊन जिने चढून वर आली. लिफ्ट बंद होती. दारात तिने आधी मडकं उतरवलं, मग पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "आक्का, लई आंबट झालीया औंदा. थंडीच न्हाई पडली की."

"मग थोडी साखर घालू का?"

"काय बी बोलता! आंबिलीत साखर? जर्मनीच्या नातीला पाजायचीया व्हय?"

सिद्धी, ती तुझ्याबद्दल बोलत होती. ओंकार, तुझं नाव तिने घेतलं नाही. आखातात राहणारा माणूस तिच्या लेखी परदेशात मोडत नाही. तिच्या गावचे बरेच जण तिकडे आहेत आणि दर उन्हाळ्यात खजुराची पाकिटं घेऊन येतात.

होटगीच्या पलीकडचं आपलं शेत रेणुका आणि तिचा नवरा वाट्याने करतात. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, जिला आपल्याकडे येळवस म्हणतात, पूर्वी आमचं सगळं घर त्या शेतात जायचं. आता माझे गुडघे बांधावरून चालू देत नाहीत, म्हणून शेतच मडक्यात बसून सोलापुरात, सात रस्त्यावरच्या माझ्या घरापर्यंत येतं. खाली रिक्षांचा गोंगाट चालू असतो, आणि मडक्यावरचं फडकं काढलं की माझ्या स्वयंपाकघरात डिसेंबरातलं शिवार उभं राहतं. माणसाच्या खांद्याला लागलेली ज्वारी. हरभऱ्याच्या पानांवरची आंब, जी बोटाला लागली की पोरं चाटून बघायची आणि तोंडं वाकडी करायची. करडईचे काटे. सकाळी साऱ्या रानावर पसरलेला पातळ धुरकट पडदा, जो ऊन वर आलं की कधी निघून गेला ते कळायचं नाही.

त्या दिवशी शेतात कडब्याची खोप उभी करतात. आत पाच दगड चुन्याने रंगवून पांडव म्हणून मांडतात, त्यांची पूजा होते. मग भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि या सगळ्यावर आंबील. ज्वारीचं पीठ ताकात कालवून मडक्यात आंबवायचं, त्याला लसूण-जिरं लावायचं, की झाली आंबील. दिसायला पांढरी, प्यायला गार. ती पोटभर प्यायली की दुपारच्या उन्हात माणसं झाडाखाली अशी आडवी होतात, की नवख्याला भलतीच शंका यावी.

हे एवढं सविस्तर लिहिते आहे, कारण त्या भलत्याच शंकेमुळे तुमची आत्या सिनेमातून कापली गेली.

तुमची आत्या म्हणजे तुमच्या बाबांची थोरली बहीण, गिरिजा. बाबा तेव्हा पाळण्यात होते, त्यामुळे त्यांना ती आठवत नाही. आठ वर्षांची असताना पावसाळ्यात तापाने गेली. घरात तिचा एकच फोटो आहे, तुम्ही तो पाहिला आहे: स्टुडिओत काढलेला, दोन वेण्या, रिबिनी, हात मांडीवर, नजर सरळ. तो फोटो तिचा आहे, पण त्यात ती नाही. इतका वेळ हात मांडीवर ठेवून ती आयुष्यात कधी बसली नाही. फोटोग्राफरने दम दिला होता.

मूल गेलं की लोक त्याला हळूहळू गुणी करत जातात. हे मी माझ्याच घरात पाहिलं. माझ्या सासूबाई, ज्यांना सगळे अव्वा म्हणत, त्या शेजारणींना सांगायच्या, "लेकरू कसं, गायीसारखं गरीब होतं." याच अव्वा ती असताना दिवसातून दहा वेळा कानडी-मराठी मिसळून "साकु, साकु, पुरे कर की गं तुझं!" म्हणून ओरडायच्या. तुमचे आजोबा म्हणायचे, ती फार हुशार होती. मी मास्तरीण. शाळेत इंग्रजी शिकवत होते, तिच्या वह्या मी तपासल्या होत्या. ती हुशार नव्हती. ती मोठ्याने बोलायची, थापा मारायची, ढेकर द्यायची स्पर्धा लावायची आणि जिंकायची. हे सगळं एकेक करून गळत गेलं. माझ्याही तोंडून गळत गेलं. लोकांना जे ऐकवत नाही ते आपण सांगायचं सोडून देतो, आणि सांगायचं सोडलं की हळूहळू आठवायचंही सुटतं. शेवटी माझ्याजवळ फोटोतलीच मुलगी उरली, हात मांडीवर ठेवलेली. घरात सावली हलल्यासारखी वाटली तरी तीच यायची. पाय न वाजवता. गिरिजा कधी पाय न वाजवता आली नव्हती.

सिनेमाची माणसं आली ती गिरिजा जाण्याच्या आधीच्या येळवसेला. दिग्दर्शक मुंबईचा, दाढीवाला, मऊ बोलणारा. पैसा बाहेरच्या देशातला, म्हणून कॅमेरामन गोरा. त्यांना खरी येळवस हवी होती, आणि आमच्या शेताशेजारचं शेत त्यांनी त्यासाठी धरलं होतं. गोऱ्या कॅमेरामनला मराठी येईना, आमच्या लोकांना इंग्रजी येईना. तुमच्या आजोबांनी ऐटीत सांगून टाकलं, "आमच्या मंडळींना येतं." अशी मी दिवसभर कॅमेऱ्याशेजारी उभी राहिले, दुभाषी म्हणून.

गोष्ट साधी होती. कोवळ्या वयात लग्न होऊन आलेली नायिका. पहिल्याच येळवसेला सासरच्या शेतात ती एका लहान मुलीला आंबील पिताना बघते, आणि तिला आपलं बालपण आठवून रडू येतं. ती लहान मुलगी म्हणून दिग्दर्शकाने गिरिजाला निवडलं. का, तर ती जवळ येऊन कॅमेऱ्याच्या काचेत स्वतःला बघून दात विचकत होती.

"बेटा, एक घोट घ्यायचा," तो तिला म्हणाला. "मग मडकं खाली ठेवायचं आणि खाली बघायचं. इकडे, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही."

"एकच घोट?"

"एकच."

"आणि लई गोड लागली तर?"

आमच्याकडे आंबील करायला कल्लव्वा असायची, रेणुकाची आजेसासू. ती मागून म्हणाली, "गोड कशी लागंल गं? आंबील हाय ती, तुजी सासू न्हवं." सगळे हसले. गोऱ्याने मला विचारलं, ती काय म्हणाली. मी भाषांतर केलं, पण ते त्याला कळलं नाही. सासूचा आणि गोडाचा संबंध त्याच्या देशात नसावा.

मग शांतता झाली. गिरिजाने मडकं दोन्ही हातांनी उचललं. एक घोट घेतला, थांबली नाही, घटाघटा पीतच राहिली. हनुवटीवरून आंबील ओघळली, गळ्यात गेली, त्यांनी दिलेल्या नव्या झंपरवर सांडली. मडकं खाली आदळलं, खणखणीत ढेकर दिली आणि झंपरच्या बाहीने तोंड पुसलं. बाहीने तोंड पुसणं आमच्या घरात सक्त मना होतं. मना मीच केलं होतं. म्हणून तिने तोंड पुसता पुसता माझ्याकडे पाहिलं.

इथपर्यंत मला लख्ख आठवतं. पुढे मी काय केलं ते आठवत नाही.

माझ्या भुवया तुम्हाला माहीत आहेत. ओंकार, लहानपणी तू त्यांना "आजीचा सिग्नल" म्हणायचास. गिरिजा काही केल्या मला घाबरत नसे, फक्त भुवयांना घाबरे. मी उजवी भुवई वर नेली की तिचा चेहरा गळायचा. त्या क्षणी मी भुवई वर नेली का? परके लोक बघत होते, त्यांचा झंपर खराब झाला होता, आणि मी नीटनेटकेपणाबद्दल सगळ्या शाळेत प्रसिद्ध होते. नेली असणार. पण असणार आणि होती यांत फार अंतर आहे. पुढच्या पावसाळ्यात ती गेली आणि ते अंतर माझ्या डोक्यात घर करून बसलं. आंबिलीचा वास आला की ती मला दिसायची, बाही तोंडावर, डोळे माझ्याकडे, आणि चेहऱ्याच्या जागी कोरी जागा.

सिनेमा सोलापुरात लागला तोवर ती जाऊन बराच काळ झाला होता. तुमचे आजोबा नको म्हणत होते. "कशाला उगीच." पण मला ती हलताना बघायची होती. एकदाच. दुपारच्या खेळाला आम्ही गेलो, मागच्या रांगेत बसलो. आपलं शेत पडद्यावर आलं. खोप आली. आपला बांध आला, त्यावरची बोर आली. मी खुर्चीचा दांडा धरून पुढे वाकले. आणि एकदम नायिकाच आली, समोरच्या मडक्याकडे बघत हुंदके देत. पुढच्या रांगेतला कुणीतरी मोठ्याने म्हणाला, "मडक्यासाठी रडतीया का काय ही?" थिएटर हसलं. मध्यंतरानंतर येईल, शेवटी येईल, म्हणून आम्ही दिवे लागेपर्यंत बसून राहिलो.

तुमच्या आजोबांनी मुंबईला फोन लावून चौकशी केली. तिकडच्या माणसाने सांगितलं, सेन्सॉरने तेवढा तुकडा काढायला लावला. लहान मुलीला गावठी दारू पाजतात असं दिसतं म्हणे. मागे झाडाखाली माणसंही पिऊन पडलेली आहेत. आंबील आहे हे समजावलं का, विचारलं, तर तो म्हणाला, "साहेब, आम्हालाच कुठे माहीत होतं?"

कल्लव्वाला हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "दारू म्हन्त्यात व्हय? म्या केलेल्या आंबिलीला?" भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "मंग त्यो कापल्याला तुकडा कुटं हाय? टाकत्यात का ठिवत्यात?"

तो प्रश्न माझ्याजवळ राहिला. कापलेलं कुठे जातं? कुठल्या तरी गोदामात, गंजक्या डब्यात, माझी मुलगी मडकं तोंडाला लावून बसली आहे असं मला वाटायचं. तिला ताप येत नाही, ती मोठी होत नाही, तिची आंबील संपत नाही. वर्गात मुली परीक्षेचे पेपर लिहीत असायच्या, मी रांगांमधून फिरत असायचे, आणि एकदम तो डबा आठवायचा.

या वर्षी, नवरात्र संपलं त्या सुमारास, सिद्धीचा फोन आला. जर्मनीत जुन्या सिनेमांचा काही कार्यक्रम होता, त्यात तिला हा सिनेमा सापडला. नावावरून तिला बाबांनी सांगितलेलं आठवलं. "आज्जी, इथल्या कॉपीत ती आहे," ती म्हणाली. मग तिने तेवढा भाग मला पाठवला.

मी तो खिडकीशी बसून पाहिला. चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. ती हलत होती, सिद्धी. मडकं उचलताना तिच्या कोपराला चुलीच्या चटक्याचा डाग होता, तो मी विसरले होते. ती प्यायली, ओघळ आला, ढेकर आली. गायीसारखं गरीब लेकरू! मी एकटीच मोठ्याने हसले. मग तिने बाही तोंडाला लावली, नजर कॅमेऱ्याच्या बाजूला वळवली, डोळे मोठे झाले, घाबरले, आणि तिथेच चित्र तुटलं. लगेच नायिका, रडणारी.

जर्मनीतली नायिका मडक्यासाठी रडत नव्हती. एका धाक बसलेल्या पोरीची दया येऊन रडत होती. आणि तो धाक माझा होता.

सिद्धी, तू नंतर म्हणालीस, "आज्जी, किती गोड आहे ती, तू खूश नाही का झालीस?" मी "झाले की" म्हणाले. पुढचे काही दिवस मी घर आवरत होते. डबे धुतले, लेबलं बदलली, पडदे उतरवून पुन्हा लावले. आरशासमोरून जाताना भुवईवर हात ठेवायची सवय लागली. इतकी वर्षं जी जागा कोरी होती ती भरली गेली होती, आणि ती कोरीच बरी होती असं वाटत होतं. ती घाबरलेली नजर घरभर फिरायची. आता तिचे पाय वाजायचे.

तू ओंकारला ते पाठवलंस, हे बरं केलंस. त्याने तिकडे आखातात मिळणारा सिनेमा काढून ताडून बघितला आणि मला व्हिडिओ कॉल लावला.

"आजी, माझ्याकडची वेगळी आहे," तो म्हणाला.

"वेगळी म्हणजे?"

"माझ्याकडे पितानाचं नाहीच. इथे लहान मुलीने असं काही पिणं चालत नाही, त्यांनाही ती दारूच वाटली असेल. सिनेमात एक सावकार आहे, त्याचं दारू पिणंही काढलंय, त्यामुळे तो उगीचच धडपडतो, आजारी असल्यासारखा. मला तर त्याची कीव आली."

"मग गिरिजा?"

"आहे ना. तिने तोंड पुसायला हात वर नेला, तिथून सुरू होतं. पण दीदीकडे जिथे संपतं, तिथे माझ्याकडे संपत नाही."

मी विचारलं, जर्मनीत का संपतं. सिद्धीने याचा शोध आधीच घेतला होता. पुढच्याच क्षणी गिरिजाच्या मागून एक धनगर बोकडाला शिंगांना धरून फरफटत नेतो. पुढे त्याला कापतात तो प्रसंग जर्मनीत मुलांसाठी नको म्हणून काढला, आणि बोकड जिथे पहिल्यांदा दिसतो तिथपासून कात्री लावली. आखाताला बोकडाचं काही वाटलं नाही. त्यांना मडक्याची भीती. आपल्याला मडक्याचीही, आणि मागे झाडाखाली झोपलेल्या माणसांचीही. प्रत्येक देशाची आपली भीती असते आणि तो तेवढंच कापतो, बाकीचं सुखाने दाखवतो. कापणाऱ्यांना गिरिजाशी काही देणंघेणं नव्हतं. ती फक्त त्यांच्या भीतीच्या आड उभी होती.

"लावू का?" ओंकारने विचारलं.

जर्मनीतली नजर सोसून झाली होती. तिच्या पुढे काय असेल? भुवई पाहिल्यावर गिरिजा काय करायची ते मला पाठ होतं: ओठ आत घ्यायची, मान खाली घालायची, आणि मग कितीतरी वेळ मुकाट. ते बघायचं होतं का मला? पण इतके दिवस डब्यात बसलेलं लेकरू दारात येऊन उभं आहे, आणि आपण कडी काढायची नाही? मी म्हटलं, "लाव."

त्याने मोबाइल लॅपटॉपच्या पडद्यासमोर धरला. चित्र थोडं हलत होतं. बाही तोंडावर. नजर बाजूला. डोळे मोठे, घाबरलेले. इथे सिद्धीकडे तुटलं होतं. इथे तुटलं नाही. मागून बोकड ओढत नेणारा धनगर आला. गिरिजाचे डोळे तसेच राहिले, एक क्षण, दोन क्षण. मग बाहीच्या वरून ते बारीक झाले. बाही खाली आली, आणि ती हसली. पुढचा एक दात पडलेला, वरच्या ओठावर आंबिलीची पांढरी मिशी. आधी चोरून, मग खात्री पटल्यासारखी, मग खांदे हलेपर्यंत. नजर त्याच जागी, कॅमेऱ्याच्या किंचित डावीकडे.

ओंकार म्हणाला, "आजी, ती कुणाकडे बघून हसते आहे?"

मी त्याला परत लावायला सांगितलं. पुन्हा एकदा. माझ्या मुलीला मी ओळखते. ती एकटी कधी अशी हसत नसे. ती आधी समोरच्याचा अंदाज घ्यायची, समोरच्याला हसू फुटलं की मगच सुटायची. झंपर भिजलेला, परके लोक बघताहेत, गोऱ्याचा कॅमेरा चालू, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईला हसू आवरत नाहीये, म्हणून ते पोर हसतं आहे. दुसरं काही कारणच नाही.

मी त्या सिनेमात नाही. कुठल्याच देशातल्या सिनेमात नाही. पण आखातातल्या त्या तुकड्यात, गिरिजाच्या तोंडावर, मी हसताना दिसते.